एका एकराचा तांबेरा, काश्मीर ते कन्याकुमारी

गव्हाच्या काडीवर एक पुळी उठते. विटकरी रंगाची, तिळाएवढी. बोट फिरवलं तर गेरूत बोट बुडवल्यासारखं लाल होतं. माळव्यात ह्याला गेरुआ म्हणतात, आपण तांबेरा म्हणतो. ती पुळी जर काळ्या तांबेऱ्याची असेल, तर ऐन भरात ती एका दिवसात दहा हजारांपर्यंत बीजाणू बाहेर टाकते. एक पुळी. एक दिवस. दहा हजार.

दहा हजारांनी कोण दचकतंय म्हणा! लग्नाला एवढी माणसं जेवून जातात. पण थांबा, पुळी अजून एकच आहे.

आधी मोजपट्टी ठरवू. ह्या बीजाणूची लांबी मिलिमीटरचा सुमारे चाळिसावा भाग. म्हणजे एकामागे एक ओळीत मांडले तर एका मिलिमीटरमध्ये चाळीस, मीटरमध्ये चाळीस हजार, किलोमीटरमध्ये चार कोटी. मुंबई ते पुणे दीडशे किलोमीटर धरले तर ६०० कोटी बीजाणूंची रांग लागेल. आणि आपली तिळाएवढी पुळी? तिचे दहा हजार म्हणजे २५ सेंटिमीटर. रोज एक वीत. बस्स, इथून पुढे फक्त गुणाकार.

शेत कुठलं घ्यायचं? डहीकडचं घेऊ. धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, नर्मदेच्या बाजूचं गाव. पलीकडे धार, आणखी पुढे देवास, दोन्ही जुनी पवारांची संस्थानं. काळी जमीन, थंडी बेताची, मार्चमध्येच ऊन तापायला लागतं. पंजाबात छळणारा पिवळा तांबेरा इथे फारसा रमत नाही, त्याला गारवा लागतो. काळ्याला आणि तपकिरीला मात्र ही हवा मानवते.

चांगल्या गव्हात चौरस मीटरमध्ये साडेतीनशे काड्या सहज असतात. प्रत्येक काडीवर दहाच पुळ्या धरू. हात राखूनच धरतोय, कारण रोग बळावला की काडीवर पुळ्या मोजायला जागा उरत नाही. साडेतीनशे गुणिले दहा, साडेतीन हजार पुळ्या. गुणिले दहा हजार, साडेतीन कोटी बीजाणू. पाट ठेवून माणूस जेमतेम बसेल एवढ्या जागेतून रोज पाऊण किलोमीटरहून लांब रांग! पावणेदोन गुंठ्यांत मुंबई-पुणे झालं. अख्ख्या एकरात? १४,००० कोटींच्या वर. रांगेची लांबी ३,५०० किलोमीटर. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. म्हणजे एका एकराच्या एका दिवसाच्या तांबेऱ्याने काश्मीरहून निघावं, कन्याकुमारी गाठावी आणि तरी पाय समुद्रात बुडावेत.

हे १४,००० कोटी कुणी मोजायला बसलं तर? सेकंदाला एक, न झोपता, न जेवता. साडेचार हजार वर्षं लागतील. मोहेंजोदडोत विटा रचल्या जात होत्या तेव्हा मोजणी सुरू केली असती, तर आत्ता कुठे शेवटच्या बीजाणूपाशी आलो असतो. आणि एवढ्यात शेजारच्या एकराने हात वर केला असता.

वजन बघा म्हणजे आणखी चक्रावाल. एका ग्रॅममध्ये असे वीस ते चाळीस कोटी बीजाणू मावतात. तीस कोटी धरा. काश्मीर ते कन्याकुमारीची आपली सगळी रांग झाडून गोळा केली तर अर्धा किलोसुद्धा भरत नाही.

म्हणूनच तर ती उडते.

उडते कुठून? ह्या प्रश्नामागे आग्रा कॉलेजचे डॉ. करमचंद मेहता १९२३पासून हात धुऊन लागले होते. कोडं साधं होतं. मे महिन्यात निमाड-माळव्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो. शेतात गहू नसतो, आणि उघड्यावरचा बीजाणू त्या उन्हात भाजून मरतो. मग पुढच्या जानेवारीत तांबेरा येतो कुठून? मेहतांनी वर्षानुवर्षं डोंगर पालथे घालून, हवेत काचपट्ट्या टांगून उत्तर काढलं. तांबेरा उन्हाळा काढतो डोंगरात, उत्तरेला हिमालयात आणि दक्षिणेला निलगिरी-पळणीच्या थंड उतारांवर. मध्य भारतातला काळा तांबेरा येतो तो दक्षिणेकडून. नोव्हेंबरच्या आसपास बंगालच्या उपसागरात वादळ उठलं आणि वाऱ्यांचा मेळ जमला, की निलगिरीवरचे बीजाणू उचलले जातात आणि पावसाबरोबर खाली माळव्यात उतरतात.

निलगिरी ते डही, सरळ रेषेत बाराशे किलोमीटर. मुंबई-पुणे आठ वेळा. आपल्याला आठ वेळा, पण त्याला? बीजाणूने स्वतःच्या लांबीच्या ४,८०० कोटी पट अंतर कापलेलं असतं. साडेपाच फुटी माणसाने स्वतःच्या उंचीच्या तेवढ्या पट मजल मारली तर तो आठ कोटी किलोमीटरवर पोचेल. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हा साडेपाच कोटींवर असतो. म्हणजे मंगळ मागे टाकून आणखी अडीच कोटी किलोमीटर! तिकीट नाही, डबा नाही, उतरायचं स्टेशन ठाऊक नाही. बहुतेक सगळे वाटेतच संपतात. पण एक उतरला, नेमका गव्हाच्या पानावर, रात्रीच्या दवात, तर पंधरवड्यात त्याची पुळी तयार. त्या पुळीच्या हजारो बीजाणूंपैकी नेमके शंभरच जगले असं मानू. त्या पुळीपासून पंधरवड्यात शंभर, महिन्यात दहा हजार, दीड महिन्यात दहा लाख, दोन महिन्यांत दहा कोटी पुळ्या. काडीला दहा ह्या हिशोबाने जवळजवळ तीन हेक्टर शेत भरलं. नोव्हेंबरात पेरलेला गहू मार्चमध्ये निघतो. चार महिने. त्याला अडीच पुरतात.

आता जुना दाखला. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ज्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे, तो विल्यम स्लीमन. त्याचं ‘रॅम्बल्स अँड रिकलेक्शन्स’ १८४४ साली छापून आलं. ठगांच्या बातम्या शोधणाऱ्या ह्या माणसाने त्यात गव्हावरच्या रोगांवर एक आख्खं प्रकरण लिहून ठेवलंय. ह्याच नर्मदेच्या वरच्या अंगाला त्याने वीस मैल लांब आणि दहा मैल रुंद असा सलग गहू तांबेऱ्याने इतका बसलेला पाहिला, की चारातलं एक शेतही कापायचा खर्च करायला लोक तयार नव्हते.

वीस मैल बाय दहा मैल. पेन्सिल घ्या! ५१८ चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईपेक्षा थोडंसंच लहान. १ लाख २८ हजार एकर. प्रत्येक एकराची रोजची रांग ३,५०० किलोमीटर. गुणा. ४५ कोटी किलोमीटर येतात. सूर्य पृथ्वीपासून १५ कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे त्या एका पट्ट्यातून, काडीला दहाच पुळ्या धरून, एका दिवसात निघालेला तांबेरा सूर्यापर्यंत जाऊन, परत येऊन, पुन्हा सूर्यापर्यंत जातो. त्याचं वजन साठ टन, मालगाडीचा एक डबा शिगोशीग. बीजाणूंची संख्या अठरावर पंधरा शून्यं. ही संख्या लक्षात ठेवा, शेवटी तिच्याशीच गाठ आहे.

नुकसानीचा आकडाही ऐकून घ्या. १९४६-४७च्या हंगामात काळ्या तांबेऱ्याने मध्य भारताचा गहू झोडपला. धार आणि देवास तेव्हा संस्थानंच होती, देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता आणि रेशनच्या रांगा आधीच लांबलेल्या होत्या. सुमारे वीस लाख टन गहू गेला. आज धान्याच्या एका मालगाडीत साधारण २,६०० टन बसतात. म्हणजे ७७० मालगाड्या. एकामागे एक उभ्या केल्या तर पावणेपाचशे किलोमीटर. इंजिन मुंबईत असेल तर गाडीचं शेपूट पुण्याला जाऊन, मुंबईला परतून, पुन्हा पुणे ओलांडून गेलेलं. किलोला तीस पोळ्या धरल्या तर ६,००० कोटी पोळ्या. तेव्हाच्या ३४ कोटी लोकांत वाटल्या असत्या तर तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत माणशी पावणेदोनशे! २०२५-२६च्या हमीभावाने, क्विंटलला २,४२५ रुपये, ह्या गव्हाचे होतात ४,८५० कोटी रुपये. आणि त्या काळी देशाचा गहू होता किती? १९५०-५१चा आकडा सुमारे ६५ लाख टन. त्यातले वीस लाख म्हणजे काय, ते सांगायला नको.

बरं, मग फवारा ना औषध. फवारतात. प्रोपिकोनॅझोल, लिटरला एक मिली, हेक्टरी अर्धा लिटर औषध पाचशे लिटर पाण्यात. पहिल्या पुळ्या दिसल्या की लगेच, उशीर करून उपयोग नाही. त्या अर्ध्या लिटरात खरं औषध सव्वाशे ग्रॅम, तेच दहा हजार चौरस मीटरवर पसरायचं. एका काडीच्या वाट्याला मिलिग्रॅमचा अठ्ठाविसावा भाग येतो. आणि तेवढ्यावर तांबेरा थांबतो. ह्या रसायनाला दाद द्यायलाच हवी.

पण एका हेक्टरवर खुश होऊन कसं चालेल, देश घेऊ. भारतात गव्हाखाली तीन कोटी हेक्टरांहून जास्त जमीन आहे. तीन कोटीच धरा, आणि एकच फवारणी. पाणी लागेल १,५०० कोटी लिटर. वीस फूट व्यासाची, तेहतीस फूट पाण्याने भरलेली विहीर डोळ्यांसमोर आणा. अशा ५१ हजार विहिरी तळापर्यंत उपसाव्या लागतील. औषधाचे दहा हजार लिटरवाले टँकर दीड हजार. पाठीवरचा पंप पंधरा लिटरचा, म्हणजे पंप भरायचे शंभर कोटी वेळा. पाठ कुणाची? ती वेगळीच गोष्ट. मीटरभर रुंदीचा पट्टा मारत गेलं तर हेक्टरला दहा किलोमीटर चाल पडते. तीन कोटी हेक्टरांना तीस कोटी किलोमीटर. आपला फवारणारा गडी सूर्यापर्यंत चालत गेला आणि चालत परत आला, पाठीवर पंप घेऊन. फवारणी एक. पुढच्या हंगामात पुन्हा सूर्य. आता ड्रोन एकरी दहा लिटर पाण्यात काम उरकतो, त्यामुळे विहिरी वाचतात. औषध काही वाचत नाही.

म्हणून बियाण्याकडे वळायचं. औषध काडीवर बाहेरून चढवावं लागतं. जनुक मात्र प्रत्येक काडीत आतच बसलेलं असतं, पेरलं की आपोआप पोचतं. आणि हे जनुक असतं केवढं? गव्हाची पूर्ण जनुकीय पोथी २०१८ साली उलगडली, तेव्हा कळलं की तिच्यात सुमारे १,६०० कोटी अक्षरं आहेत. माणसाच्या पोथीत तीनशे कोटी, म्हणजे पोळी खाणाऱ्याच्या पाचपट मोठी पोथी पोळीची! पानावर दोन हजार अक्षरं छापली तर ८० लाख पानं, चारशे पानी वीस हजार ग्रंथ. तांबेरा अडवणारं एखादं जनुक त्यात दोन-चार पानांचं. वीस हजार ग्रंथांच्या वाचनालयात नेमकी ती पानं शोधून दुसऱ्या वाचनालयात शिवायची, हे गहू पैदासकाराचं काम. उलट काळ्या तांबेऱ्याची पोथी जेमतेम नऊ कोटी अक्षरांची. एवढीशी चोपडी घेऊन तो ह्या ग्रंथालयावर दरोडा घालतो.

ती पानं कुठे सापडतात? आपल्याच घरात. खपली गहू. सांगली-कोल्हापूरकडे खिरीला हाच लागतो. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात स्टॅकमन आणि त्यांचे सहकारी तांबेऱ्याच्या जाती ओळखायला गव्हाचे बारा वाण वापरत. कुठला वाण बळी पडतो आणि कुठला नाही, त्यावरून तांबेऱ्याची ओळख. नुसतं हो-नाही धरलं तरी बारा वाणांवर ४,०९६ तऱ्हा होतात. त्या बारांत ‘खपली’ ह्याच नावाने आपला खपली होता, आणि बहुतेक सगळ्या तांबेऱ्यांना तो पुरून उरे. साउथ डकोटातल्या एडगर मॅकफॅडनने १९१६ साली खपलीच्याच एका रशियन भाऊबंदाशी साध्या गव्हाचा संकर केला. त्यातून आलेलं एसआर २ हे जनुक तांबेऱ्याला पुरतं रोखत नाही, पण रेंगाळवतं, आणि शंभर वर्षांनंतरही कामावर आहे. १९४४ साली मेक्सिकोत पोचलेल्या नॉर्मन बोरलॉग ह्यांची पहिली लढाई काळ्या तांबेऱ्याशीच होती. त्यांच्या लेर्मा रोहो गव्हाचं १८,००० टन बियाणं भारताने १९६६ साली आणलं. १८,००० टन! पण आपल्या मापाने सातच मालगाड्या. सातशे सत्तर गेल्या होत्या, सात आल्या.

तेव्हापासून ही शिवणकामं थांबलेली नाहीत. इंदूरला १९५१पासून भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र आहे. ‘पुसा तेजस’सारखे माळव्याचे बन्सी गहू तिथूनच निघाले. महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रात नव्या वाणांवर मुद्दाम तांबेरा सोडून त्यांची परीक्षा घेतात. आणि निलगिरीत, वेलिंग्टनला, म्हणजे थेट तांबेऱ्याच्या माहेरी, गव्हाची आणखी एक चाचणीशाळा आहे. शत्रूच्या अंगणातच कवायत!

आता ती अठरावर पंधरा शून्यांची संख्या काढा. शेवटचा गुणाकार आहे, नीट बघा.

बीजाणू तयार होताना त्याच्या चोपडीत चूक होते. दहा लाखांत एखाद्याची चूक अशी निघते की गव्हाचं एक जनुक त्याला ओळखू शकत नाही. दहा लाखांत एक म्हणजे कुणालाही वाटेल, सोडा हो. पण स्लीमनच्या पट्ट्यातून रोज निघणाऱ्या बीजाणूंना दहा लाखांनी भागा. १,८०० कोटी! गव्हात एकच जनुक असेल तर त्याची किल्ली घेऊन रोज १,८०० कोटी चोर उडतात, पृथ्वीवरच्या माणसांच्या दुपटीहून जास्त. १९९८ साली युगांडात ‘यूजी ९९’ने एसआर ३१ हे जनुक असंच उघडलं, आणि ते जनुक तेव्हा जगभरच्या गव्हांमध्ये पसरलेलं होतं. भारतात ‘यूजी ९९’ अजून आलेला नाही.

दोन जनुकं घाला. आता दोन्ही चुका एकाच बीजाणूत व्हायला हव्यात. १,८०० कोटींना पुन्हा दहा लाखांनी भागा. १८,०००. केवढी घसरगुंडी! एक मोठं गाव उरलं.

तीन जनुकं. पुन्हा भागा. रोज एकसुद्धा नाही, पंचावन्न दिवसांत एक. पीक कापून होतं.

पण हे झालं एका पट्ट्याचं. देशभर, तीन कोटी हेक्टरांवर, एकच वाण असेल आणि सगळीकडे असाच रोग असेल तर असे ५७९ पट्टे होतात, आणि तीन कुलपांची किल्लीसुद्धा रोज दहा जणांच्या हाती लागते. सगळीकडे एकच लाडका वाण पेरायची हौस इथे महागात पडते. फवारणीचा खरा उपयोगही इथेच आहे. ती पुळ्या कमी करते, पुळ्या कमी की बीजाणू कमी, बीजाणू कमी की चुकाही कमी.

आणि चार जनुकं? स्लीमनच्या पट्ट्यात साडेपाच कोटी दिवसांत एक. दीड लाख वर्षं! हे गणित कागदावरचं, निसर्ग आडवाटा शोधतोच. पण दीड लाख वर्षांत थोड्या आडवाटा परवडतात.

बुरशीला दीड लाख वर्षं लागतात ते पैदासकाराला किती रोपांत जमतं? दोन जनुकांचा गहू आणि दुसऱ्या दोन जनुकांचा गहू, त्यांचा संकर, आणि त्याची दुसरी पिढी. चारही जनुकं पक्की बसलेलं रोप मिळण्याचा हिशोब चार गुणिले चार गुणिले चार गुणिले चार. २५६त एक. २५६ दाणे म्हणजे जेमतेम तोळाभर गहू.

त्या तोळाभरातला तो एक दाणा निवडला. चाचण्यांना आठ-दहा वर्षं जातात, ती सोडून देऊ. पेरला की चाळीसपट होतो. हेक्टरी एक क्विंटल बी आणि चाळीस क्विंटल पीक, साधाच हिशोब. पहिल्या हंगामात चाळीस दाणे, मूठही भरत नाही. दुसऱ्यात सोळाशे. तिसऱ्यात ६४ हजार, पावणेतीन किलो. चौथ्यात एक क्विंटलच्या वर. पाचव्यात चार टन. सहाव्यात १७२ टन, मालगाडीचे तीन डबे. सातव्यात ६,८८० टन, अडीच मालगाड्यांहून जास्त. हे बी ६८,८०० हेक्टरांना पुरतं, म्हणजे १ लाख ७० हजार एकरांना. स्लीमनचा सबंध पट्टा पेरून झाला, आणि ४२ हजार एकरांचं बी अजून पोत्यांत आहे.